आधी चार टाके, मग मेंबर

कार्यकारिणीची बैठक म्हणजे लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि प्रत्येकासमोर छापील अजेंडा. इंग्लंडमध्ये जुन्या कापडांचा अभ्यास करून मी धाड या आमच्या गावी परतले, तेव्हा डोक्यात हेच चित्र होतं. प्रत्यक्षात आमच्या गोधडी संस्थेत टेबलच नव्हतं. जमिनीवर अर्धी शिवलेली गोधडी पसरलेली, तिच्या चारी बाजूंना मेंबर बसलेले आणि बोलताना सगळ्यांचे हात चालू. सुईतला दोरा संपला की विषय संपला!

तेव्हापासून किस्से साठतायत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्याखालून आणखी तीन निघतात.

तशी परिस्थिती गंभीर होती. संस्थेच्या घटनेप्रमाणे कार्यकारिणीत सात जण लागतात. दोघी मुलांकडे नाशिकला गेल्या, एकींना गुडघे जमिनीवर बसू देईनात. उरलो चौघी. 'वार्षिक सभेपर्यंत सात झाले नाहीत तर संस्था बंद', असा ठराव मी येण्याआधीच झालेला. आणि मी नवीकोरी सचिव!

जुन्या लुगड्यांतून गोधडी उभी करणारी बाई कलावंत आहे, तिची संस्था तिनंच चालवली पाहिजे, असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. तीन नवे मेंबर शोधायला मी हेच सांगत दारोदार फिरले. सगळे मन लावून ऐकायचे. मग विचारायचे, "चहा ठेवू का?"

*

पहिले गळाला लागले इंगळे सर. चिखलीचे निवृत्त मुख्याध्यापक. इस्त्रीचा शर्ट घालून, आपली सगळी माहिती टाइप करून एसटीनं आले.

आमच्या अध्यक्षा कमळाकाकूंनी तो कागद न वाचताच बाजूला ठेवला. "आधी चार टाके घाला, सर."

"ताई, मी पस्तीस वर्षं शाळा चालवली."

"मंग चार टाके काय जड हायेत?"

सरांनी घातले. काकूंनी वाकून पाहिले. "रांगेत नाहीत."

"मी पोरं रांगेत उभी केली, ताई. टाके नाही!"

काकू हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत. "या महिन्यात बसून पाहा. मंग पाहू."

*

पुढच्या बैठकीला तालुक्याहून एक मोठ्या अधिकारी बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. सर मांडी घालून, मान खाली घालून टाक्यावर टाका घालत होते. बाई दारात आल्या. सगळे उठले. सर बसलेलेच!

बाईंच्या कपाळावर आठी. मी कुजबुजले, "सर, उठा ना!"

सर तसेच कुजबुजले, "उठतो. पण गोधडीही उठेल!"

धावदोऱ्याच्या नादात सरांनी स्वतःची पँट गोधडीला शिवली होती. तरी मानी माणूस. गुडघ्याला सबंध गोधडी लोंबत असताना उभे राहिले आणि नमस्कार केला. बाईंना वाटलं, ही आमच्याकडची स्वागताची जुनी रीत असावी. भाषणात त्यांनी दोनदा कौतुक केलं!

पाहुण्या गेल्यावर कमळाकाकूंनी सरांच्या गुडघ्याजवळचा दोरा ओढून पाहिला. तो काही निघेना.

"टाका पक्का हाये," काकू म्हणाल्या. "यायले ठेवा."

*

पाच झाले. सहावी म्हणून माझ्या डोळ्यासमोर वैशाली होती. गावात ब्युटी पार्लर चालवते, बोलण्यात चटपटीत, हिशेबात पक्की. ती म्हणाली, "मी एका पायावर तयार. पण आत्याबाईले विचारा लागते."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, गोदामाय. मी लॅपटॉप घेऊन घरी गेले. महिलांचं नेतृत्व, निर्णयप्रक्रिया, सगळी चित्रं दाखवली. गोदामायनं एकही चित्र चुकवलं नाही.

"लय चांगलं हाये. पण मीटिंगमधी तुम्ही करता काय?"

"चर्चा करतो."

गोदामाय जवळ सरकली. "कोनाची?"

*

खात्री करून घ्यायला ती सुनेबरोबर बैठकीला आली. "मी नुसती भिंतीले टेकून बसते," म्हणाली. दहा मिनिटांनी तिनं गोधडीचा एक कोपरा मांडीवर ओढला. बैठक संपली तेव्हा ती सबंध बाजू तिनं भरली होती, आणि चपला घालता घालता विचारत होती, "उद्या किती वाजता?"

सर म्हणाले, "मावशी, बैठक महिन्यातून एकदाच असते."

"महिनाभर थांबा लागते? काऊन?"

अशी सून मागायला गेले आणि सासूही मिळाली. सात पूर्ण! त्या दिवशी मी घरी आनंदानं नाचले, खरंच.

*

मग मी नव्या मेंबरांसाठी एक सत्र घेतलं. फळ्यावर लिहिलं : 'पाच वर्षांनी आपली संस्था तुम्हाला कुठे दिसते?'

कमळाकाकू सुई न थांबवता म्हणाल्या, "इथंच. पंखा लागला असन."

*

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. वैशालीनं पार्लर उघडलं तेव्हापासून सासू-सून घरात एकमेकींशी बोलत नव्हत्या! पण बैठकीत अध्यक्षांना उद्देशून बोलायचं असतं, हा नियम दोघींना भलताच आवडला.

"अध्यक्षबाई, हिले इचारा, सकाळी मोटर काऊन बंद नाही केली? टाकी वाहून राह्यली होती."

"अध्यक्षबाई, त्याईले सांगा, मोटर त्याईनंच लावली होती."

सर म्हणाले, "हा विषय अजेंड्यावर नाही."

"घ्या," काकू म्हणाल्या. "दोरा अजून उरला हाये."

चर्चा झाली. ठराव झाला : 'मोटर जो लावेल तोच बंद करेल. सर्वानुमते मंजूर.' आमच्या संस्थेचे बरेच ठराव अजून अमलात यायचे आहेत. हा मात्र त्याच संध्याकाळपासून पाळला जातोय!

*

आता शेवटचा.

वार्षिक सभेच्या आधीच्या बैठकीत गोदामायनं वैशालीचे टाके उसवले. सगळ्यांसमोर. "अध्यक्षबाई, लोकायच्या भुवया कोरून कोरून हिचा टाक्याचा हात गेला."

वैशालीनं सुई खाली ठेवली. अध्यक्षांकडे पाहिलंही नाही. उठली, चपला घातल्या, गेली. दोन दिवसांनी तिचा राजीनामा आला.

पुन्हा सहा! सभा रविवारी. मी तिच्या घरी गेले, पार्लरमध्ये गेले. ती प्रत्येक वेळी एकच म्हणाली, "ताई, आत्याबाई घरी भिंतीले ऐकवतात तेवढं पुरे."

शेवटी कोणालाही न सांगता मी पुण्याच्या एका नावाजलेल्या डिझायनरबाईंना फोन केला. त्या लगेच तयार झाल्या. बैठकीला ऑनलाइन येणार, आपल्या ओळखी देणार, प्रदर्शनं भरवणार. मी ज्या टेबलाचं चित्र घेऊन आले होते, त्या टेबलाशी शोभतील अशा बाई. "राजीनामा मंजूर झाला की सोमवारी सकाळी कळवा," म्हणाल्या.

रविवारी खोली भरलेली. राजीनामा दिलेल्या मेंबरनं सभेत हजर राहायचं असतं, म्हणून वैशाली आली होती; दाराशीच उभी. सरांनी राजीनामा मोठ्यानं वाचला. कमळाकाकूंनी विचारलं, "कोनाले काही बोलायचं हाये?"

गोदामाय गोधडीशी बसली होती. तिनं सुई आणि दोरा उचलला आणि हात दाराकडे लांब केला.

"वैशाले, ओवून दे व. मले दिसत नाही."

सभेआधी तासभर, माझ्या डोळ्यांदेखत, तिनं चष्म्याशिवाय सगळ्यांच्या सुया ओवल्या होत्या. खोलीतल्या प्रत्येकीनं ते पाहिलं होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही.

वैशालीनं दाराशी चपला काढल्या. मग आली, खाली बसली, दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं, सुई ओवली आणि दिली.

"आता बसलीच हायेस त तिकून घे," गोदामाय म्हणाली. "माहा हात नाही पुरत."

वैशालीनं दुसरी बाजू घेतली.

सर हातात कागद धरून उभेच होते. "अध्यक्षबाई, मग या राजीनाम्याचं काय करायचं?"

कमळाकाकूंनी गोधडीचा न शिवलेला कोपरा उचलून धरला. "द्या इकडं. इथं भर कमीच हाये."

त्यांनी कागदाची घडी लुगड्यांच्या दोन थरांमध्ये सरकवली, वरून तळहातानं दाबली. मग तो कोपरा बंद झाला. एकीकडून सासूचे टाके, एकीकडून सुनेचे.

सोमवारी सकाळी मी पुण्याला फोन लावला.

"मॅडम, जागा नाहीये."

"अहो, परवा तर होती!"

"हाव," मी म्हटलं. "आता नाहीये."