पाळण्यावरचा हात

इंदापूरच्या वाचनालयात रहस्यकथा मागायला जावं, तर तिथल्या ग्रंथपाल बाई हातात भलतंच पुस्तक ठेवायच्या. पुढच्या काळातलं कुठलंसं राज्य, तिथला हुकूमशहा, आणि नकोशा माणसांना फोटोंतून अन् लोकांच्या आठवणींतून पुसून टाकणारे त्याचे चाकर. "वाच. झोप उडंल, पण डोळं उघडत्याल," म्हणून त्या खुशाल शेंगा सोलत बसायच्या. उसातल्या बिबट्यानंही आमच्या तालुक्याला बाईंइतकं घाबरवलं नसेल.

शनिवारी आम्ही काही मुली त्यांच्याभोवती बसून वाचलेल्यावर बोलायचो. एकदा मी मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "असलं आपल्याकडं नाही व्हायचं, बाई."

बाई हसल्या नाहीत. "तुजं नाव कुणी ठिवलं गं?"

"आत्याच ठेवते की," म्हणाले आणि मग लक्षात आलं. मला आत्या नव्हतीच.

घरी जाऊन माझ्या बारशाचा फोटो शोधला. त्याची एक कड कात्रीनं कापलेली होती. पाळण्याच्या दोरीवर तेवढा एक हात उरला होता, काचेच्या बांगड्यांचा. आईला विचारलं, तर तिनं आधी दार लोटून घेतलं. कुसुमआत्या, बाईंची वर्गमैत्रीण. तिनं जातीबाहेर लग्न केलं आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, "ह्या घरात तिचं नाव निघायचं न्हाय" असं बजावलं. मला सायकलवरून शाळेत सोडणारे माझे दादाच त्या पुस्तकात निघाले, हे मला फार लागलं.

त्या वर्षीपासून बाई संक्रांतीला आमच्याकडे यायला लागल्या. दादांच्या हातावर तिळगुळाच्या दोन वड्या ठेवायच्या. "ही माजी, ही कुसुमची." सणाला दारात आलेल्या बाईमाणसाला दादा काय बोलणार? एक वडी खायचे, दुसरी ताटलीत ठेवायचे. बाई निवांत चहा पिऊन जायच्या आणि पुढच्या संक्रांतीला पुन्हा दोन वड्या आणायच्या.

"बाई, दादा ऐकायचे नाहीत," मी एकदा म्हणाले.

"न्हाय तर न्हाय. नाव घेनारं एक तोंड तरी पायजे का नगं?"

बाई यंदाच्या उन्हाळ्यात गेल्या. श्रावणात माझ्या भावाला मुलगी झाली. आत्या आता मी. काय नाव ठेवायचं ते भाऊ-वहिनीला विचारलं होतं, दादांना नाही. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "कुसुम."

माझ्या पाठीत गुद्दे घालायला टपलेल्या बायकांचे हात तसेच वर राहिले. बाळ दचकून रडायला लागलं, तरी कुणी हलेना. त्या क्षणी मला बाई हव्या होत्या.

दादा उठले. पाळण्याशी आले, दोरी हातात घेतली.

"उगी कुसे, उगी."