सुपारी ठेवून धरलेल्या खुर्च्या

मी एकदा मोबाइलवर सुपारी ठेवली आणि दोन खुर्च्या घालवल्या. हे मी घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही. कुणी विचारलंच तर "नेट गेलं होतं" म्हणते. आमच्या किहीमला नेट जातंच, त्यामुळे उलटतपासणी होत नाही. पण लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते. नेट ठणठणीत होतं. गेली होती ती माझी अक्कल.

तेव्हा मी पासष्टची, म्हणजे तशी अल्लडच. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून घरी बसलेली. नव्या मोबाइलवरून एकदा विजेचं बिल भरलं होतं, दोनदा गॅस नोंदवला होता, आणि तेवढ्यावर स्वतःला फार पोचलेली समजत होते. आज ती बाई समोर आली तर तिच्या हातातला मोबाइल काढून घेईन आणि तिला वाडीत झावळ्या ओढायला पाठवीन.

वेड लागायला कारण मात्र खरं होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, त्यांचा डावा कान तोवर पार गेला होता. उजवा होता, पण अलिबागच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की वर्षभरात तोही मंदावेल. मग यंत्र लावता येईल, यंत्रानं बोलणं कळेल, पण गाणं तसं लागणार नाही. वहिनींनी ते शांतपणे ऐकलं. घरी येताना एसटीत एवढंच म्हणाल्या, "त्या बाईंना एकदा समोर बसून ऐकायचं राहिलं."

त्या बाई म्हणजे एक गायिका. नाव कशाला घ्या. चाळीसेक वर्षं त्या आमच्या स्वयंपाकघरात रेडिओतून गात आल्या होत्या. वहिनी नारळ खवायच्या आणि त्या बाईंचा आलाप संथ वर चढत जायचा. आलाप वर गेला की वहिनींचा हात खवणीवर थांबायचा. कितीदा तरी त्यामुळे आमटीत खोबरं उशिरा पडलं आहे. मला गाण्यातलं फार कळत नाही. मला तो थांबलेला हात कळायचा.

आणि अचानक मार्गशीर्षात बातमी आली, की पौषातल्या एका रविवारी सकाळी त्या बाई मुंबईत गाणार. आता कार्यक्रम फारसे करत नाहीत, पुन्हा कधी ते सांगता येत नाही. तिकीट फक्त मोबाइलवर.

मी सभागृहाचा नकाशा उघडला. वर रंगमंच, खाली खुर्च्यांचे हिरवे चौकोन. वहिनींचा चांगला कान उजवा, म्हणजे बसायला हवं डावीकडे, की रंगमंच उजव्या हाताला येईल. भूगोलाची बाई मी, हे बरोबर काढलं. डावीकडच्या तिसऱ्या रांगेतले दोन चौकोन दाबले, ते पिवळे झाले आणि खाली अक्षरं आली: तुमच्या जागा धरून ठेवल्या आहेत.

ते पान मराठीत होतं हेच माझं दुर्दैव. इंग्रजीत असतं तर मी संशय घेतला असता.

कारण "जागा धरणे" याला आमच्याकडे ठाम अर्थ आहे. जत्रेच्या नाटकाला देवळापुढच्या पटांगणात ज्यानं त्यानं दुपारीच चटई अंथरायची आणि वर नारळ ठेवायचा. नारळ ठेवला की जागा धरली. मग खुशाल घरी जा, जेवा, डुलकी काढा. तो नारळ हलवायची कुणाची छाती नाही, दोन पिढ्यांचं वैर असलं तरी नाही. मी नवी नवरी होते तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी नव्या साडीत, भर उन्हात, चटईवर स्वतःच बसून राहिले होते. वहिनींनी येऊन दंडाला धरून उठवलं होतं. "अगं, नारळ कशाला असतो मग? तू काय नारळ आहेस?"

तर त्या दुपारीही जागा धरल्या आहेत असं वाचलं आणि माझं मन निवांत झालं. खाली काही आकडे उलटे पळत होते. सात एकोणसाठ, सात अठ्ठावन्न. मला वाटलं, असेल काहीतरी त्यांचं. मोबाइल झोपाळ्यावर ठेवला. नारळ मावेना, म्हणून शेजारच्या सुपातली एक सुपारी उचलून त्यावर ठेवली. गंमत म्हणून ठेवली असं मी आता म्हणते. तेव्हा हात अगदी श्रद्धेनं जोडले गेले होते.

मग वाडीत गेले. वहिनी मागच्या बाजूला पोफळींना पाणी सोडत होत्या. ओल्या मातीचा वास, उन्हाचे लहान लहान कवडसे, आणि पाटातून हळूहळू सरकणारं पाणी. अशा वेळी वाडीत वेळ चालत नाही, तरंगतो. मी उजव्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी खोरं पोफळीला टेकवून ठेवलं. "खरंच का गं?" म्हणाल्या. मग कुठली साडी, कुठली लाँच, बरोबर घावने न्यायचे की लाडू, हे सगळं पाटाच्या कडेला बसून ठरलं. चांगला पाऊण तास गेला असेल.

परत आले तर सुपारी जागच्या जागी. खुर्च्या नाहीत.

"अहो, मी धरल्या होत्या!" मी मोबाइलला म्हटलं, अगदी मोठ्यानं. नकाशाची डावी बाजू सगळी राखाडी झाली होती, म्हणजे विकली गेली होती. वर लाल अक्षरं आली: शेवटच्या दोन जागा! आत्ता तेवीस जण याच जागा पाहत आहेत. माझ्या डोळ्यांपुढे तेवीस माणसं उभी राहिली, दोन रिकाम्या खुर्च्यांभोवती, हात मागे बांधून, टक लावून. मी घाबरून दाबत सुटले. खुर्च्या मिळाल्या. उजवीकडे, भिंतीजवळ. मिळाल्यावर पाहते तर तिकिटाबरोबर विमाही घेतला होता आणि एक आठवणीचा कपही. मी काही मागितलं नव्हतं, त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या होत्या. शेवटच्या पानावर रक्कम चांगलं बाळसं धरून आली. आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की विकलेलं तिकीट परत घेतलं जाणार नाही.

वहिनींना मी सांगितलं, तिकिटं काढली. कुठल्या बाजूची ते सांगितलं नाही.

आमच्या कुंपणापलीकडे एक निवृत्त शिरस्तेदार राहतात. सारी नोकरी कोर्टात काढली, अजून बोलतात ते निकाल वाचल्यासारखं. त्यांच्याकडे मी तिकिटाचा कागद घेऊन गेले. त्यांनी भिंग लावून मुंगीची अक्षरंसुद्धा वाचली. सुपारीची हकीकत ऐकली तेव्हा चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"हसताय ना?" मी म्हटलं.

"नाही. घाम आहे. बाई, आठ मिनिटांची मुदत त्यांनी लिहिली होती, ती तुम्ही घालवलीत. तो मुद्दा मी ग्राहक मंचापुढे नेणार नाही. मंचाला काही कामं असतात. पण न मागता गळ्यात मारलेला विमा आणि कप, ते चालत नाही. ते परत मागा. आणि ही तेवीस माणसं होती याला पुरावा काय? आता हे काळे ठिपके कसले?"

तिकिटावर छापलेल्या नकाशात उजवीकडे चार काळे ठिपके होते. एक नेमका आमच्या खुर्च्यांपुढे.

"नकाशाला सूची कुठे आहे?" शिरस्तेदारांनी विचारलं.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तीस वर्षं मी पोरांचे अर्धे गुण कापले होते, का, तर नकाशाला सूची नाही.

"विकणाऱ्यानं काय विकतोय ते विकण्याआधी सांगायला हवं," ते म्हणाले. "खुर्चीत दोष असेल तर तोही. न सांगणं म्हणजे सेवेतली त्रुटी. ठिपका काय आहे ते लेखी विचारा." आम्ही लिहिलं. त्यांनी 'सदरहू तक्रारदार' घातलं, मी ते खोडलं, त्यांनी पुन्हा घातलं. उत्तर आलं की आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे. पुढे काही नाही. शिरस्तेदारांनी दोन्ही कागद छापून माझ्या पिशवीत घातले. हल्ली या खोट्या घाईवर आणि आधीच केलेल्या खुणांवर वेगळे नियम झाले आहेत, ते छापून आलं की कात्रण कुंपणावरून देतात. अजून देतात. कात्रणाबरोबर एक सुपारी असते.

त्या रविवारी मांडव्याच्या धक्क्यावर धुकं एवढं होतं, की लाँच समुद्रातून न जाता दुधातून चालली आहे असं वाटत होतं. मुंबई दिसेना, मागचा किनाराही दिसेना. वहिनी मोतिया साडीत, डोक्यावरून शाल घेऊन, उजवा कान वाऱ्यापासून तळहातानं झाकून बसल्या होत्या. जसं दिव्याला झाकतात. कान तिथवर जपून न्यायचा होता. आणि त्यांना मी अजून खुर्च्यांची बाजू सांगितली नव्हती.

सभागृहात शिरलो आणि ठिपक्याचा उलगडा झाला. खांब. चांगला दोन हातांच्या मिठीत न मावणारा. आम्ही त्याच्यामागे बसलो. वहिनींनी मान इकडून तिकडून काढून पाहिली.

"मला नुसता तंबोरा दिसतोय," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की रंगमंच डाव्या हाताला आहे. मेलेल्या कानाकडे. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि खुर्चीत तिरक्या होऊन, पाठ जवळजवळ रंगमंचाकडे करून, मागच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. एवढ्या लोकांत. गाणं ऐकायला आलेली बाई भिंतीकडे तोंड करून. "असू दे," म्हणाल्या. "बस तू. येतं असं ऐकू."

मी बसले नाही. पिशवी घेऊन त्या भिंतीपलीकडच्या तिकीटखिडकीशी गेले. गाणं सुरू व्हायला पंधरा मिनिटं होती.

"आजी, तिकीट परत होत नाही," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"पैसे कोण मागतंय? मला खांब परत करायचाय."

"काय?"

"मी खुर्चीचं तिकीट काढलं. तुम्ही बरोबर खांब दिलात. मी मागितला नव्हता. कपाचंही तसंच, पण कपाआडून निदान दिसतं तरी."

मागे रांग होती, ती हसली. मुलीनं व्यवस्थापकांना बोलावलं. ते सूट घातलेले, घाईत. म्हणाले, "मॅडम, नकाशात मार्क केलंय."

"ठिपका केलाय," मी म्हटलं. आवाज चढला होता, मला कळत होतं, थांबवता येत नव्हतं. "ठिपका म्हणजे काय? विहीर? देऊळ? दीपगृह? सूची कुठे आहे? हे पत्र लिहून विचारलं, हे तुमचं उत्तर. मोलाचा संदेश! खांब आहे हे विकण्याआधी सांगितलं असतंत तर मी घेतलं नसतं. न सांगता विकलंत, ही सेवेतली त्रुटी. माझ्या जाऊबाईंना एक कान आहे. एकच. तो घेऊन आम्ही समुद्र ओलांडून आलोय, आणि तो आत्ता तुमच्या भिंतीकडे तोंड करून बसलाय!"

व्यवस्थापकांनी कागद पाहिले. मग मुलीकडे पाहिलं. मुलगी खाली बघत म्हणाली, "सर, खांबाचं लिहायचं ठरलं होतं. राहून गेलं."

त्यांनी कागदांची घडी करून मला परत दिली. मग म्हणाले, "चला." आयोजकांनी पाहुण्यांसाठी राखलेल्या दोन खुर्च्या डावीकडे, चौथ्या रांगेत होत्या. पाहुणे आले नव्हते.

मी वहिनींना हाताला धरून नेलं. बसल्या, शाल खांद्यावर घेतली, केस कानामागे सारले. आणि त्या बाई आल्या. रेडिओतून वाटायच्या त्यापेक्षा खूप लहान, पांढऱ्या केसांच्या, कुणाच्या तरी आधारानं चालत. बसल्या आणि डोळे मिटले.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी ऐकलं नाही, मी वहिनींना बघत होते. आलाप सुरू झाला. तो इतका सावकाश होता, की पहाटे भरती येताना वाळू कधी ओली झाली ते कळत नाही, तसा. वहिनींचा हात मांडीवर हलत होता, नकळत, पुढे मागे. नारळ खवल्यासारखा. आलाप वर गेला, आणखी वर गेला, आणि तो हात थांबला. मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. आमटीचा वास आला. रेडिओवरची खार लागलेली जाळी, खिडकीतून दिसणारी पोफळ, आणि आम्ही दोघी तिशी-पस्तिशीतल्या, अंगणात वाळत टाकलेली सोलं. किती वेळ गेला ठाऊक नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मी दचकले.

परतीच्या लाँचवर धुकं विरलं होतं आणि पाणी सगळं सोनेरी. वहिनींनी कान आता झाकला नव्हता. मी विचारायचं लांबवत होते. मांडवा दिसायला लागला तेव्हा मात्र मला राहवेना. उजव्या कानाशी वाकले आणि विचारलं, "वहिनी, ऐकू आलं ना? नीट?"

त्यांनी शाल सावरली, समुद्राकडे पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "आलं तर. आधी तुझं भांडण आलं, भिंतीपलीकडून, अक्षर न् अक्षर. मग त्यांचं गाणं. सूर मात्र तुझाच जास्त चढा लागला होता हो."