चपलांमुळे पडलेला बर्फ

कंट्रोल पॅनेलवरचा आकडा उणे वीस असायला हवा होता. तो उणे बारा होता आणि चढत होता. अलार्म वाजू लागला. मी कोल्ड रूमकडे धावलो. आत माझे मित्र होते, आणि त्यांच्या डोक्यावर बर्फ पडत होता.

महिना ऑगस्टचा. ठिकाण दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क.

मी रेफ्रिजरेशन इंजिनियर आहे. आमची कंपनी कारखान्यांना कोल्ड रूम उभारून देते. हा कारखाना माल्टचं पेय बनवतो. बार्ली मोड आणून वाळवली की त्याला माल्ट म्हणतात. तो उकळताना त्यात हॉप्स घालतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, कडवट बोंडं. इथे ती गोठवलेल्या अवस्थेत येतात आणि तशीच ठेवावी लागतात. त्यासाठी आमची खोली. प्रक्रिया बरीचशी बिअरची, पण शेवटच्या पेयात अल्कोहोल नसतं.

खोली ताब्यात देण्याआधी टेस्ट असते. रिकामी खोली एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत चालवायची. मधल्या काळात दार नेहमीच्या कामासारखं उघडायचं. तापमान उणे अठराच्या वर गेलं की टेस्ट फेल. आमच्या दोन टेस्ट फेल झाल्या होत्या. एकदा वीज गेली होती. एकदा आमचाच व्हॉल्व्ह अडकला होता. प्लँट मॅनेजर नबील, इजिप्तचे, हिंदी कामापुरती समजणारे, मोजकं बोलणारे. दुसऱ्या वेळी म्हणाले होते, "हबीबी, वन मोअर टाइम. देन खलास."

खलास म्हणजे काम दुसऱ्या कंपनीकडे. माझ्या साहेबांनीही स्पष्ट केलं होतं, की माझ्या व्हिसाच्या रिन्यूअलचं हँडओव्हरनंतर बघू. मुलगी दहावीला होती. तिला मधेच भारतातल्या शाळेत घालायची वेळ येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

तिसरी टेस्ट चालू असतानाच मित्रांना बोलावलं, याचं कारण संजय.

संजय दुबईच्या इंटरनॅशनल सिटी भागात माझ्याच बिल्डिंगमध्ये राहतो. इन्शुरन्समध्ये आहे. मला ही साइट मिळाल्यापासून तो मागे लागला होता, "ब्रुअरी दाखव." इथे दारू बनत नाही, हे मी अनेकदा सांगितलं. त्याला ती गुप्तता वाटली. दुसरा मुबीन, रत्नागिरीचा, कार्गोचा व्यवसाय. त्याची अडचण उलटी. पेय पूर्ण हलाल आहे हे नबीलनी स्वतः फोनवर सांगेपर्यंत तो पार्किंगमधून हलला नाही. तिसऱ्या शुभांगीवहिनी, संजयच्या पत्नी.

शनिवार होता. टेस्टमध्ये मला पॅनेलसमोर बसण्यापलीकडे काम नव्हतं. नबील म्हणाले, "ब्रिंग देम. दार तसंही उघडायचंच आहे."

आधी उकळण्याच्या टाक्या दाखवल्या. संजयने वाकून वास घेतला.

"आणि दारू कुठल्या स्टेजला येते?"

"येत नाही."

"म्हणजे एवढं सगळं करून शेवटी सरबतच?"

"संजय, गप," वहिनी म्हणाल्या. "फुकट दाखवतायत ते बघ."

"मी तर म्हणतो सरबत बेस्ट," मुबीन म्हणाला. "सासऱ्यांनी विचारलं तर सांगता येतं."

कोल्ड रूमच्या दाराशी मी तिघांना जाड जॅकेट आणि आतून लोकर लावलेले गमबूट दिले. पाच मिनिटांत बाहेर या, दार आपोआप लागतं, आतून उघडायला हिरवं बटण आहे, असं सांगितलं आणि पॅनेलवर परतलो. ही सूचना पुरेशी आहे असं मला वाटलं.

गमबूट घालायचे तर पायातलं काढावं लागतं. काढलेलं कुठे ठेवायचं हे मी सांगितलं नव्हतं. तशी जागाच नव्हती. इथले कामगार सेफ्टी शूज घालूनच आत जातात. तिघांनी मग आपल्या रिवाजाप्रमाणे उंबऱ्याशी काढलं. संजयचे बूट नवे होते. देवळाबाहेर दोनदा चपला गेलेला माणूस तो. बूट नजरेसमोर राहावेत म्हणून त्याने सगळ्यांचे जोड उचलून थेट दार लागायच्या वाटेतच रांगेने लावले.

त्या दाराला घोट्याच्या उंचीवर सेन्सर आहे. मधे काही आलं तर दार थांबतं, म्हणजे कोणाचा पाय चेमटत नाही. सेन्सरला संजयचा बूट दिसला. दार उघडं राहिलं.

ऑगस्टमध्ये इथली हवा गरम असते आणि ओली असते. ती उणे वीसच्या खोलीत शिरली की तिच्यातली वाफ हवेतच गोठते. पंखे ते कण खोलीभर उडवतात. बघणाऱ्याला तो बर्फ दिसतो. इंजिनियरला बिघाड दिसतो, कारण हाच बर्फ खोली गार करणाऱ्या कॉइलवर साचला की हवा अडते आणि खोली गार होणं थांबतं.

मी पोचलो तेव्हा संजय हात पसरून उभा होता. वहिनी साताऱ्याला व्हिडिओ कॉलवर होत्या. "आई, दिसतंय का? नाही गं, काश्मीर नाही, दुबई!" मुबीन भिंतीला चिकटून जॅकेटवरचे कण झटकत होता.

"भाई, खरं सांग. हा ब्रुअरीचा बर्फ. यात काही मिसळलेलं नाही ना?"

"पाणी आहे. बाहेर या सगळे."

"थांब, एक ग्रुप फोटो," संजय म्हणाला.

तेवढ्यात अलार्म ऐकून नबील आले. चेहरा लाल. ते दाराशी थबकले. समोर जोडे रांगेत लावलेले होते. त्यांनी आपले काळे बूट काढले, रांगेच्या शेवटी नीट ठेवले आणि नुसत्या मोज्यांवर आत आले.

दोन पावलांनंतर ते एका पायावर उभे राहिले. मग दुसऱ्या.

"व्हॉट इज धिस? दार कोणी उघडं ठेवलं? हे बूट कोणाचे?"

"सर, मेरे," संजय म्हणाला. "बाहर रखते तो कोई ले जाता."

"इन माय फॅक्टरी?"

मग मुबीन अदबीने म्हणाला, "सर, आपके भी वहीं हैं."

नबीलनी वळून पाहिलं. रांगेच्या टोकाला त्यांचेच बूट होते. ते हसले नाहीत. त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, बूट चढवले, संजयचे आणि बाकीचे जोड स्वतः उचलून बाजूला ठेवले. दार लागलं.

"हे दार कोणी घेतलं?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्या परचेस डिपार्टमेंटने. आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये फक्त कूलिंग आहे."

"मी का काढले बूट?"

"माहीत नाही, सर."

"जोडे काढलेले दिसले, मीही काढले. नाहीतर माझी आई असेल तिथून ओरडली असती." त्यांनी दाराच्या सेन्सरवर बोट ठेवलं. "तुमचं मशीन फेल नाही. माझं दार फेल आहे. ही टेस्ट कॅन्सल. पुन्हा घ्या. पण हीच माणसं आणा. हेच बूट."

मला वाटलं थट्टा आहे. ती नव्हती.

परचेसने बाहेरच्या भिंतीला चपलांचा रॅक ठोकला. पुढच्या टेस्टला तिघे आले. संजयने ऑफिसात 'टेक्निकल ट्रायल' असं सांगून सुट्टी घेतली होती. नबील हाताची घडी घालून दाराशी उभे. तिघांनी रॅकवर जोडे ठेवले, आत गेले, दार लागलं. आकडा थोडा हलला आणि पुन्हा उणे वीसवर आला.

"आज बर्फ नाही?" बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं. त्यांच्या आईंनी शेजारणींना कॉलवर बसवलं होतं.

"नाही, वहिनी."

"मग कशाला बोलावलंत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नबीलनी हँडओव्हरवर सही केली. व्हिसा रिन्यू झाला. मुलीने दहावी इथेच केली.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये कोल्ड रूमच्या दाराबाहेर चपलांचा रॅक असतो. कन्सल्टंट विचारतात, याचा कूलिंगशी काय संबंध. मी सांगतो, आठ अंशांचा.