पुठ्ठ्यावरचं माप

ती दुपार अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत मी दंगली पाहिल्या, खाडीतून काढलेली प्रेतं पाहिली, एकदा अंगावर आलेला कोयता थोडक्यात हुकवला. तरी घाबरणं म्हणजे काय हे मला कोलशेतच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कळलं. समोर गुन्हेगार नव्हता, पंचविशीतली एक मुलगी खुर्चीवर बसली होती. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं अजून याच भागात राहतात आणि त्यांना पुरेसा त्रास झालेला आहे.

मी तेव्हा कल्याण पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात बीटचा हवालदार एका माणसाला पुढे घालून आला. बाजारात बॅगांच्या चेन बसवणारा कारागीर. माणूस अवघडून उभा होता.

"साहेब, चार दिवस झाले, डोक्याला टेन्शन आहे," तो म्हणाला. "एक काका आलेले दुकानावर. चांगल्या घरचे वाटले. पुठ्ठा कापून आणलेला त्यांनी. म्हणाले, ह्या मापाचं जाड कॅनव्हासचं पाकीट शिवून दे, बाजूला पट्ट्या सोड, मी घरी लावून घेईन. मी विचारलं, काय ठेवणार? तर म्हणाले, चष्मा."

"मग?"

"चष्म्याला असा तिरका दांडा असतो का, साहेब?"

त्याने खिशातून पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा होता, कडा कात्रीने अगदी नीट कापलेल्या. तळहातापेक्षा थोडा मोठा. कशाचा आकार आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला एका नजरेत कळलं. लहान पिस्तूल. शर्टाखाली कमरेला खोचलं तर जवळून जाणाऱ्यालाही दिसणार नाही असं.

चार दिवस झोपा काढत होतास का, म्हणून मी त्या कारागिरावर खेकसलो. तो म्हणाला, "घाबरलेलो, साहेब. पोलिसांत जायचं म्हणजे..."  मग त्याने हळूच एक पावतीपुस्तक पुढे केलं. त्या काकांनी कामाची पावती मागून घेतली होती आणि पावतीवर स्वतःचा मोबाइल नंबरही लिहून दिला होता.

बेकायदा हत्याराचं पाकीट शिवून घेऊन वर पावती मागणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. हवालदार हसला. मला हसू आलं नाही. सराईत गुन्हेगार हत्यार बाळगतो तेव्हा ते कधी काढायचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. नवख्याला यातलं काही माहीत नसतं, आणि तो काय करून बसेल हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

नंबरावरून नाव मिळालं. नाव ओळखीचं वाटलं म्हणून शस्त्र परवान्यांच्या अर्जांची फाइल मागवली. अर्ज होता. अर्जदार विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूला राहणारा, अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला स्टोअरकीपर. विधुर, घरी एकच मुलगी. पिस्तुलाचा परवाना कशासाठी हवा, तर मुलीच्या मागे एक माणूस लागला आहे म्हणून. अर्जावर आमच्या ठाण्याचा अहवाल होता: 'अर्जदाराच्या जीवितास प्रत्यक्ष धोका असल्याचे दिसून येत नाही. शिफारस नाही.' खाली माझी सही.

मला तो माणूस आठवला. याच खुर्चीच्या पलीकडे बसला होता. "तुम्हाला धमकी दिली का?" मी विचारलं होतं. "मला नाही साहेब, मुलीला." "काय धमकी?" "बोलत काही नाही तो. उभा असतो. ती निघाली की मागून येतो." तो माणूस पूर्वी मुलीच्याच कंपनीत कंत्राटावर होता, त्याने लग्नाचं विचारलं, तिने नकार दिला, एवढंच प्रकरण. त्याआधी दोन वेळा बापाने आमच्याकडे तक्रार अर्ज दिला होता. दोन्ही वेळा ठाणे अंमलदाराने अर्ज घेऊन पोच दिली होती. अर्ज चौकशीवर होते. चौकशीवर म्हणजे कपाटात, हे पोलीस खात्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

अकराच्या सुमारास आम्ही त्या बापाला घरून उचललं. दोन पंच घेऊन झडती घेतली. स्टोअरकीपरचं घर होतं, डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या लावलेल्या. कपाटं, माळा, पाण्याच्या टाकीमागची जागा, सगळं पाहिलं. ना पिस्तूल मिळालं, ना ते पाकीट. त्याच्या अंगावरही काही नव्हतं. मुलगी सकाळीच कामावर गेलेली.

ठाण्यात आणून दोन तास विचारपूस केली. "चष्म्यासाठी शिवलेलं, हरवलं," यापुढे तो जाईना. मारहाण मी नोकरीत फारशी केली नाही, आणि ह्या साठीच्या माणसावर हात उचलण्याचा प्रश्नच नव्हता. माझी पद्धत गप्पा मारण्याची. माणूस खोटं बोलताना तयारी करून आलेला असतो, गप्पांची तयारी कुणी करत नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्याला जरा घाबरवायचंही होतं.

"तुम्ही घेतलं नसेल तर उत्तमच," मी म्हणालो. "ही गावठी पिस्तुलं लई वाईट. मागे एक पोरगा असंच छोटं कमरेला लावून रिक्षात बसलेला. रिक्षा खड्ड्यात आदळली आणि ते आपसूक सुटलं. मांडीची शीर तुटली. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही."

तो एकदम उभा राहिला. खुर्ची मागे पडली. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला स्पष्ट दिसलं.

"साहेब, धक्क्यानं सुटतं?"

ज्याच्या अंगावर आणि घरात पिस्तूल नाही, त्याला धक्क्याची एवढी भीती कशाला? तेव्हा मला उमगलं.

"कुणाकडे आहे?"

"पोरीकडे. बॅगेत. डब्याच्या खाली पाकीट शिवलंय मी." तो घाईघाईने बोलायला लागला. "तीन दाखवलेली विकणाऱ्यानं मला. मोठं होतं ते स्वस्त होतं, पण बॅगेत मावत नव्हतं. एक चांगलं होतं, ते परवडत नव्हतं. म्हणून हे छोटं घेतलं. म्हटलं, तिच्या हाताला जड नको व्हायला. साहेब, ती बसनं जाते हो. रस्ता कसला आहे तो!"

घड्याळात सव्वातीन झाले होते. मुलीची पाळी साडेचारला सुटायची. मोबाइल गेटवरच जमा करून घेत, त्यामुळे तिला फोन लागणार नव्हता. कंपनीला कळवावं तर दुसराच धोका. बॅगेत पिस्तूल आहे म्हटलं की कुणीतरी शहाणा ते बाहेर काढून बघणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती. शेवटी मी तिथल्या मॅनेजरला फोन करून खोटं सांगितलं. तिचे वडील आजारी आहेत, मी पोलीस, न्यायला येतोय, मुलीला तिच्या सामानासकट कुठेतरी बसवून ठेवा, गेटबाहेर सोडू नका.

"काय केलंय काय तिने?" मॅनेजरने विचारलं.

"काही नाही केलं. फक्त बसवून ठेवा, अन् तिच्या वस्तूंना हात लावू नका."

हे शेवटचं बोललो आणि जीभ चावली. हात लावू नका म्हटल्यावर हात लागलाच समजा.

एक महिला हवालदार आणि दोन शिपाई घेऊन निघालो. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, रांजनोली नाका, कशेळी, बाळकूम. हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेन, पण त्या दिवशी त्याचा एकेक खड्डा मला माझ्या पाठीच्या कण्यात कळला. जीप आदळली की वाटायचं, ह्याच धक्क्यावरून ती चार दिवस सकाळ-संध्याकाळ गेली, मांडीवर ते घेऊन. रांजनोलीला कंटेनर अडकले होते. महिला हवालदार खाली उतरून वाहतूक बाजूला करायला लागल्या. त्यांना दोन मुली आहेत. 

कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा पाळी सुटत होती. बायकांची रांग लागली होती. टेबलावर एकेक बॅग उघडून वॉचमन काठीने आतलं सामान ढवळून बघत होता, माल चोरीला जाऊ नये म्हणून. रोजची पद्धत. माझे पाय जागच्या जागी थांबले. मॅनेजर धावत आला आणि म्हणाला, मुलगी कॅन्टीनमध्ये आहे, पण बॅग काही सोडत नाहीये, शिपायाने ठेवायला मागितली तर अंगावर ओरडली.

कॅन्टीन रिकामं करायला लावलं. ती भिंतीशी बसली होती. बॅग मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. पंख्याची हवा लागत असूनही कपाळ घामाने डबडबलेलं.

"बाळा, मी पोलीस आहे," मी लांबूनच म्हणालो. "बॅग खाली ठेवू नकोस."

"नाही ठेवत, काका," ती म्हणाली. "चार दिवस मी ती कुठेच आपटू दिली नाहीये. वॉचमन काठी घालायचा तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचे. बाबांना किती सांगितलं, मला नको म्हणून. ते रडायला लागले."

मी बॅग घेतली. डबा बाजूला केला, अस्तर उसवलं. मॅगझिन काढलं, मग चेंबर पाहिलं. आत गोळी भरलेली होती. आमच्या आर्मररने, म्हणजे शस्त्रागारातल्या हत्यारांच्या कारागिराने, नंतर ते पिस्तूल तपासलं आणि मान हलवली. जोरात आदळलं असतं तर ते सुटलं असतं, आणि तिने चाप ओढला असता तर नळी बहुधा तिच्याच हातात फुटली असती. समोरच्या माणसाला त्यापासून फारसं भय नव्हतं.

पंचनामा झाला, मुद्देमाल सील झाला. बापावर हत्यार कायद्याखाली गुन्हा दाखल केला. तो सगळं कबूल करत होता आणि एकच धोशा लावून होता, "तिला काही माहीत नव्हतं, साहेब. लिहा तसं." तिचं कॅन्टीनमधलं बोलणं मी आणि महिला हवालदारांनी ऐकलं होतं. ते जबाबात आलं असतं तर ती आरोपी क्रमांक दोन झाली असती, नोकरी गेली असती, पुढचं सगळं आयुष्य कोर्टाच्या तारखांत गेलं असतं. मी ते लिहून घेतलं नाही. ह्याला कुणी कर्तव्यात कसूर म्हणेल. म्हणू दे. मला त्याची लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्या फाइलीतल्या सहीची.

तिची पाठलागाची तक्रार त्याच संध्याकाळी नीट कलम लावून दाखल केली. तो माणूस त्या रात्री घरी सापडला नाही. कागदपत्रं आटोपली. मी तिला म्हणालो, आता जा घरी, आराम कर. ती पायरीपर्यंत गेली आणि थांबली.

"काका, आता मी घरी कशी जाऊ?"

"जीप सोडेल."

"आज सोडेल," ती म्हणाली. "उद्या?"

दुसऱ्या दिवशी महिला हवालदार तिच्याबरोबर चालल्या. तिसऱ्या दिवशी बंदोबस्त लागला, ठाण्यात माणूस शिल्लक नाही. मग संध्याकाळी मीच साध्या कपड्यांत तिच्या घराजवळच्या नाक्यावर जाऊन उभा राहिलो. कंपनीची बस आली, ती उतरली. मी तिच्या मागे वीस-पंचवीस पावलं ठेवून चालू लागलो.

अर्धवट बांधलेल्या एका इमारतीपाशी तो होता. मोटरसायकलवर बसलेला. ती पुढे गेल्यावर त्याने गाडी सुरू केली आणि अगदी हळू, तिच्या पाठीमागे चार हातांवर चालवायला लागला. शिट्टी नाही, शब्द नाही. फक्त इंजिनाचा आवाज. तिने वळून पाहिलं नाही, चालही वाढवली नाही. वाढवली की तोही वाढवतो, हे तिला ठाऊक झालं असणार. माझ्या कमरेला सरकारी पिस्तूल होतं, पाठीशी अख्खं खातं होतं, तरी तो आवाज मला सहन होईना. ती हे आठ महिने ऐकत होती.

मी गाडीपुढे आडवा झालो. "मी काय केलं?" तो म्हणाला. "रस्त्यानं जातोय, रस्ता काय तिच्या बापाचा आहे?" त्याला कॉलर धरून खाली घेतलं तेव्हा कुठे ती मागे वळली, आणि मटकन तिथेच रस्त्याच्या कडेला बसली.

त्या माणसाला शिक्षा झाली. बापालाही झाली, त्याने ती भोगली. मुलगी आता दुसऱ्या गावी असते.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. आम्ही पोलीस धमकीचे शब्द मागतो, जखम मागतो, साक्षीदार मागतो. भीतीला यातलं काही नसतं. ती कागदावर उतरत नाही म्हणून आम्ही ती नाही असं समजतो, आणि ती मग आमच्या दारातून उठून बायपासवरच्या कुठल्यातरी गॅरेजमागे पिस्तुलं विकणाऱ्याकडे जाते. तो मात्र तिला बसायला देतो, तीन-तीन नमुने दाखवतो.

त्या मोटरसायकलवाल्याला धरलं, त्या संध्याकाळी मी सवयीने घड्याळ पाहिलं होतं. नाक्यापासून तिच्या घरापर्यंतचा रस्ता बारा मिनिटांचा आहे. तिचा बाप पहिल्यांदा माझ्या ठाण्यात आला, त्या दिवशी मी खुर्चीतून उठून त्याच्याबरोबर गेलो असतो, तर बारा मिनिटं लागली असती.