एकाच क्लबचा माणूस

अकरा वर्षांत पाच क्लब. ही ओळ सुशीलनेच टाइप केली होती आणि टाइप करताना स्वतःवर खूशही झाला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

ओळ होती फान जिनबोच्या सीव्हीतली. फान मूळचा उत्तर चीनमधला. तिथल्या लीगमध्ये अकरा वर्षं बचावपटू म्हणून खेळला आणि उजवा गुडघा कामातून गेल्यावर थांबला. आता चव्वेचाळीस वर्षांचा होता. वेलिंग्टनच्या एका उपनगरातल्या क्लबात सहा वर्षं तो फुकट मुलांना शिकवत होता. पहाटे सुपरमार्केटच्या गोदामात खोकी उचलायची, संध्याकाळी लंगडत मैदानावर यायचं. गोदामाची नोकरी धरून ठेवायचं कारण एकच, तिथे शनिवारी सुट्टी असायची आणि मुलांच्या मॅचेस शनिवारी. मासळीच्या कारखान्यात त्याहून बरं काम मिळत होतं. पण तिथे शनिवार भरावा लागायचा, म्हणून त्याने दोनदा नाही म्हटलं होतं.

सुशीलची मुलगी इशिता त्याच्याच हाताखाली खेळायची. ऊन असो की माणूस उडवणारा दक्षिणेचा वारा, फान अर्धा तास आधी हजर. प्लास्टिकचे कोन वाऱ्याने उडाले की न चिडता पुन्हा मांडायचा. "ही इज हीप्स गुड, बाबा," म्हणजे फारच छान, असं इशिता इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणायची. "ही नेव्हर यल्स." बाबा मात्र घरी अभ्यासावरून ओरडायचा, हे तिने बोलून दाखवायची गरज नव्हती.

त्या वर्षी क्लबने पहिल्यांदाच पूर्णवेळ कोच नेमायचं ठरवलं. फुटबॉलवर पुन्हा पोट भरायची एवढी एकच संधी फानपुढे होती, आणि या वयात दुसरी येणार नव्हती. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं. तेव्हा सुशील पुढे सरसावला.

"कोच, सीव्ही माझ्यावर सोडा!"

फानने जुनी नोंदणीपत्रं आणून दिली. त्यांवर पाच क्लबांची नावं, पाच चिन्हं. "या सगळ्यांकडून खेळलात?" सुशीलने विचारलं. "हो, सगळ्यांकडून," फान म्हणाला. झालं! सुशील सरकारी खात्यात आयटीवाला. पुण्यापासून इथवर त्याने स्वतः नऊ वर्षांत चार कंपन्या बदललेल्या, आणि दर वेळी एक पायरी वर चढलेला. एकाच जागी अकरा वर्षं बसतो तो त्याच्या लेखी फर्निचर. त्याने पाचही नावं ठळक केली आणि वर पदरचं वाक्य घातलं: 'सतत प्रगतीच्या शोधात, एकाहून एक मोठ्या क्लबांत वाटचाल.'

"अरे, त्यांना हे नीट वाचून दाखवलंस का?" त्याच्या बायकोने, नीताने विचारलं.

"वाचून काय दाखवायचंय? कागद समोर आहेत की!"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पण इथे बैल दुसऱ्याचा होता.

नोकरी फानला मिळाली नाही. मैदानाबाहेर क्लबचा अध्यक्ष ग्रॅहम सुशीलला म्हणाला, "भला माणूस आहे. पण अकरा वर्षांत पाच क्लब? मागचे दोन कोच आम्हाला अर्ध्यावर सोडून गेले. आम्हाला टिकणारा माणूस हवाय." नवा कोच आपले मदतनीस घेऊन येणार होता, त्यामुळे फानचे सरावही संपले.

सुशील तडक फानच्या घरी गेला. "तुम्ही इतके क्लब का बदललेत?" त्याने जरा चढ्याच आवाजात विचारलं.

फान आतून फोटो घेऊन आला आणि पाच संघांचे पाच फोटो टेबलावर मांडले. जर्सीचा रंग प्रत्येकात वेगळा. पण मागे तीच सिमेंटची गॅलरी, तोच गंजलेला दिव्याचा खांब, आणि डावीकडून तिसरा फान, पाठीवर तोच चार नंबर.

"आधी पोलादवाले मालक होते," तो म्हणाला. "मग बिअरवाले, मग बिल्डर, मग आणखी दोघं. नवा मालक आला की क्लबचं नाव बदलायचं. मला दुसरीकडून दोनदा बोलावणं आलं. गेलो नाही. शेवटी क्लबच बंद पडला."

सहा वर्षं शेजारी उभं राहून या माणसाला आपण एकदाही विचारलं नाही, याची सुशीलला शरम वाटली. त्याने सगळं कबूल केलं, पदरच्या वाक्यासकट.

"तुम्ही इंग्रजी फार छान लिहिता," फान म्हणाला, आणि फोटो गोळा करायला लागला. त्यात टोमणा नव्हता. असता तर सुशीलला बरं वाटलं असतं.

सुशीलने ग्रॅहमला दोन पानी ईमेल पाठवली. 'कळवल्याबद्दल आभार, पण नेमणूक झाली आहे' एवढंच उत्तर आलं.

पुढच्या आठवड्यात फानने मासळीच्या कारखान्यात अर्ज करायचं ठरवलं. सुशीलने सीव्ही नव्याने लिहिला. या वेळी शब्द न् शब्द फानला वाचून दाखवला: एक शहर, एक मैदान, एक क्लब, अकरा वर्षं. फानने मान हलवली. सुशीलच त्याला गाडीतून घेऊन गेला.

मुकादम एक धिप्पाड सामोअन बाई होती. "किया ओरा," असा इथला माओरी नमस्कार करत तिने कागद घेतला आणि न वाचताच घडी करून खिशात कोंबला.

"गमबूट कितीचा?"

"नऊ," फान म्हणाला.

"आणि शनिवार? सगळे शनिवार भरावे लागतील."

फानने एकदा सुशीलकडे पाहिलं. सुशील खाली ओल्या फरशीकडे बघत होता.

"चालतील," फान म्हणाला.