सुरमईची चहाडी

मैत्रिणींनो, आज मार्गशीर्षातला गुरुवार, घरी उपास, आणि मी दुपारी रबाळ्याला ऑफिसजवळ गुपचूप सुरमई खाल्ली. हो, खाल्ली.

संध्याकाळी उलव्याला घरी सासूबाई माझ्याच मोबाईलवर महालक्ष्मीची कहाणी वाचत होत्या. मधेच हॉटेल शोधायच्या ॲपचा मेसेज टपकला: ‘आजचं मच्छीचं हॉटेल कसं वाटलं? स्टार द्या.’

मी आज ते ॲप उघडलंसुद्धा नव्हतं. ते आपलं माझं लोकेशन बघत बसलेलं.

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तुझं मी नंतर बघते. पण तुझ्या मागे मागे फिरायला याला सांगितलं कोणी?”

मीच. ॲप घेताना ‘नेहमी परवानगी’ दाबून मोकळी झाले होते. आता ॲपच उडवलं. तुम्हीपण सेटिंग उघडून बघा.

देवीची माफी मी मागितली. ॲपवाल्यांनी माझी मागावी.