शुभांगी कोण?

सहार विमानतळाच्या काचेच्या दाराबाहेर माझे वडील, आप्पा, माझा पासपोर्ट हातात धरून उभे होते. माझा नवरा सुधीर मला आणि आमच्या मुलीला, ईशाला न्यायला दुबईहून आला होता आणि ट्रॉलीचा दांडा धरून सारखा घड्याळाकडे बघत होता. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, पासपोर्टचं पान डोळ्यांजवळ नेलं आणि मोठ्यानं वाचलं, "मानसी सुधीर शिर्के." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही तूच ना गं?" सगळे हसले. माझ्या सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत, कारण ते नाव त्यांनी ठेवलेलं होतं. आप्पांनी पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि त्यांचं नेहमीचं वाक्य म्हणाले, "कागद जपून ठेव, शुभांगी. बाकी सगळं होतं."

माझ्या वयाच्या बायकांना हे समजावून सांगायला नको, पण इथे आखातात वाढलेल्या मुलींसाठी सांगते. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, पण आमच्याकडे पहिलं नावही बदलायची पद्धत होती. कराडहून निघालेली शुभांगी शंकर जगदाळे डोंबिवलीला पोचेपर्यंत मानसी सुधीर शिर्के झाली होती. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही काही बोलले नव्हते. नाव तसं छानच होतं. फक्त पहिले सहा महिने कुणी हाक मारली की माझ्या लक्षातच यायचं नाही, आणि सासूबाईंना वाटायचं, सून शिष्ट आहे.

आम्ही शारजात घर घेतलं, कारण दुबईत परवडत नव्हतं. सुधीर दुबई मरीनाच्या एका टॉवरवर प्लॅनिंग इंजिनिअर होता. सकाळी उजाडायच्या आत निघायचा आणि संध्याकाळी ट्रॅफिकमधून सुटून आला की बराच वेळ नुसता सोफ्यावर बसून राहायचा. मी ईशाच्याच शाळेत लायब्ररी सांभाळायचे. एक दिरहमची कोथिंबीर घेतली तरी मनातल्या मनात बारानं गुणून रुपये करायची सवय सुटली नव्हती. ईशाशी मी मराठीत बोलायचे आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. सासूबाई दर शुक्रवारी फोनवर विचारायच्या, "घरी कधी येताय?" घर म्हणजे डोंबिवली, यात त्यांना काही शंका नव्हती. मलाही नव्हती.

इथे राहायचं म्हणजे कुणाच्या तरी नावावर राहायचं. सुधीर कंपनीच्या व्हिसावर होता, मी आणि ईशा सुधीरच्या. ही साखळी कधी तुटेल असा विचार आम्ही केला नव्हता, कारण त्या वर्षांत तसा विचार करायला कुणाला सवडच नव्हती. सगळीकडे क्रेन होत्या. मग २००८ संपत आलं आणि मरीनातल्या क्रेन एकेक करून थांबायला लागल्या. आमच्या मजल्यावरची दोन कुटुंबं फर्निचर विकून गेली. तिसरं न सांगताच गेलं. खाली पार्किंगमध्ये त्यांची गाडी धूळ खात उभी राहिली.

एका गुरुवारी सुधीर भर दुपारी घरी आला. बूट काढता काढता म्हणाला, "खलास." नोकरी गेली होती. मी त्याला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "आपल्याला किती वेळ आहे?" कंपनीनं व्हिसा रद्द करायला थोडं थांबायचं कबूल केलं होतं आणि रद्द झाल्यावर सरकार महिनाभर देत असे. तेवढ्यात काही जमलं नाही तर तिघांनी निघायचं. ईशा नुकतीच दहावीत गेली होती. तिला हे सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "बट व्हेअर वुड वी गो?" मी म्हटलं, "घरी." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली.

मार्ग एकच दिसत होता. नवरा बायकोला आपल्या व्हिसावर आणू शकतो, तसं काही ठराविक नोकऱ्यांतली बायकोही नवऱ्याला आणू शकते. शिक्षिका त्यात बसत होती. शाळेला गणिताची शिक्षिका हवीच होती आणि मी बी.एस्सी., बी.एड. होते, फक्त आजवर ते कुणी विचारलं नव्हतं. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "सर्टिफिकेट्स आणा, व्हिसा शाळा देईल." म्हणजे आधी मी शाळेच्या नावावर आणि मग सुधीर अन् ईशा माझ्या नावावर. मी आनंदानं पदवीची फाईल घेऊन टायपिंग सेंटरला गेले. सरकारी अर्ज अरबीत भरून देणारं ते दुकान. तिथला कोया मूळचा केरळचा, हिंदीत बोलायचा, आणि आमच्या भागातल्या सगळ्यांचे व्हिसे त्याच्याच बोटांखालून गेले होते. त्यानं पासपोर्ट पाहिला, पदवी पाहिली, पुन्हा पासपोर्ट पाहिला.

"मॅडम, ये शुभांगी कौन है?"

"मैं ही हूँ," मी म्हटलं. "शादी के पहले का नाम."

"शादी में तो बाप का नाम जाता है ना? खुद का नाम कैसे गया?"

मी त्याला तांदळाचं ताट समजावायला लागले. अंगठी, उखाणे, पेढे, सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, पण माझं मलाच पटत नव्हतं. बरं, लग्नाच्या दाखल्यानं सुटलं असतं तर तेही नाही. तो आम्ही दुबईला निघताना घाईघाईनं काढलेला, एका एजंटानं भरलेला. त्यात वधूचं नाव मानसी आणि लग्नापूर्वीचं नावही मानसीच. शुभांगी जगदाळे नावाच्या मुलीनं पदवी घेतली होती आणि मानसी नावाच्या बाईनं लग्न केलं होतं. दोघी एकच आहेत असं म्हणणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता.

तरी मी आणि सुधीरनं व्हिसा ऑफिसच्या काऊंटरवर जाऊन पाहिलं. काळ्या अबायातल्या अधिकारी बाईंनी शांतपणे तोच प्रश्न इंग्रजीत विचारला, "हू इज शुभांगी?" कुणास ठाऊक का, पण मी म्हणाले, "दॅट वॉज मी." त्या म्हणाल्या, होती म्हणजे काय, ती आता कुठे आहे? त्यांनी कागद परत केले आणि सांगितलं की मुलीच्या आणि नवऱ्याच्या, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी कोर्टात शपथेवर लिहून द्यायचं आणि त्यावर मुंबईतले सगळे शिक्के हवेत. इन्शाल्ला, मग बघू.

त्या दिवशी बाहेर येऊन मी सुधीरवर ओरडले. भर रस्त्यात, शारजात, मोठमोठ्यानं मराठीत. "तू लिहिलंस ते नाव! तुझ्या हातानं!" तो बिचारा म्हणाला, "आईनं सांगितलं ते लिहिलं गं." आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. ज्या नावानं मी अठरा वर्षं वावरत होते, त्याच नावापायी माझं माणूस देशाबाहेर जायची वेळ आली होती.

सुधीरनं नोकरी गेल्याचं त्याच्या आईला सांगितलंच नव्हतं. दर शुक्रवारी "काम कसं चाललंय?" याला "मस्त" म्हणायचा. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण त्याच्यानं बोलवेना, म्हणून मीच फोन केला. सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता म्हणतील, या निघून, बायकोच्या जिवावर कशाला राहायचं तिथे. त्या म्हणाल्या, "मला काय करायचंय तेवढं सांग."

करायचं होतं ते सोपं नव्हतं. आप्पा आणि सासूबाई यांचं आमच्या लग्नापासून फाटलेलं होतं. विहिणीचा मान नीट ठेवला नाही, असं सासूबाईंचं म्हणणं, आणि आप्पा जुन्या वळणाचे, मुलीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. हे दोघं आता एकत्र मुंबईत वकील गाठणार, कोर्टात जाणार, कचेऱ्यांच्या रांगांत उभे राहणार. पदवीची मूळ प्रत मी मुंबईला निघालेल्या एका शेजाऱ्याच्या हाती पाठवली आणि विमान उतरेपर्यंत मला अन्न गेलं नाही. आप्पांनी जपायला सांगितलेला कागदच मी परक्याच्या हाती दिला होता.

पुढचे आठवडे कसे गेले ते विचारू नका. व्हिसा रद्द झाला, पासपोर्टवर शिक्का बसला, महिना सुरू झाला. दाराची बेल वाजली की मी दचकायचे. सुधीर स्वयंपाक करायला शिकला. सकाळी माझा डबा भरून द्यायचा, ईशाच्या बसपाशी उभा राहायचा आणि शेजारच्या बायकांना सांगायचा, "मी आता हाऊसवाइफ." त्या हसायच्या. घरात आल्यावर तो हसायचा नाही. कपाटाजवळ त्यानं एक छोटी बॅग भरून ठेवली होती. माझा व्हिसा होऊनही त्याचा वेळेत झाला नाही तर तो किशला जाणार होता, समुद्रापलीकडच्या इराणच्या बेटावर. व्हिसासाठी देशाबाहेर जाऊन थांबायचं ते ठिकाण. तिथे गेलेले काहीजण दोन दिवसांत परत यायचे. काहींचा व्हिसा येतच नसे आणि ते तिथूनच गावी जात. त्या बॅगेला पाय लागला तरी मला रडू यायचं, म्हणून मी ती पलंगाखाली ढकलली. तो ती परत बाहेर काढून ठेवायचा.

मग एका दुपारी आप्पांचा फोन आला. काम झालं होतं, पण त्यांना ते सांगण्यापेक्षा विहीणबाईंचंच कौतुक सांगायचं होतं. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, या मुलीचं नाव कुणी बदललं? वकिलानं पढवलेलं उत्तर बाजूला ठेवून सासूबाई म्हणाल्या, "मी बदललं, साहेब. पण माणूस बदललेलं नाही. तीच आहे." आप्पा हसत होते. "आणि ऐक," म्हणाले, "आज मी त्यांच्या घरी जेवलो. म्हणाल्या, तुम्ही उपाशी राहिलात तर रांगेत माझ्यासोबत कोण उभं राहणार?" त्यांनी फोन सासूबाईंच्या हाती दिला.

"शुभांगी," त्या म्हणाल्या, "कागद उद्या निघतायत हं."

मला वाटलं, त्या आप्पांशी माझ्याबद्दल काही बोलतायत.

"अगं शुभांगी, ऐकतेस ना?"

"हो, आई," मी म्हटलं.

कागद आले. मी शिक्षिका झाले, माझा व्हिसा झाला, मग सुधीर आणि ईशाचा अर्ज गेला. किशचं तिकीट काढलेलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी आठवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते आणि शिपाई मला बोलवायला आला. फोनवर कोया होता. "हो गया, मॅडम. दोनों का हो गया." मी वर्गात परत गेले आणि उरलेली दोन गणितं फळ्यावर चुकीची सोडवली. मुलांनी पाठीमागून सांगितलं तेव्हा कळलं. घरी आले तर सुधीर बॅगेतले शर्ट कपाटात परत लावत होता. त्याच्या पासपोर्टवर प्रायोजक म्हणून माझं नाव आलं. पुढे त्याला दुसरी नोकरी लागली, तरी अजून कुणी नवं भेटलं की तो ओळख करून देतो, "या माझ्या स्पॉन्सर."

आप्पा त्यानंतर तीन वर्षांनी गेले. मला पोचायला उशीर झाला. इथे असलेल्या तुम्हा सगळ्यांना तो उशीर माहीत आहे, आणि तिकडे असलेल्या तुम्हाला तो दिसलेला आहे, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. परत येताना विमानात एकच गोष्ट मनात येत राहिली, की आता मला शुभांगी म्हणणारं एकच माणूस उरलं, आणि तेही ते नाव पुसायला निघालेलं माणूस.

त्या माणसाला मी गेल्या थंडीत इथे बोलावलं. व्हिजिट व्हिसा माझ्या नावावर काढला. शारजा विमानतळावर आम्ही तिघं उभे होतो. सगळं विमान रिकामं झालं, ट्रॉल्या येऊन गेल्या, सासूबाईंचा पत्ता नाही. एवढ्यात आतून एक तरुण कर्मचारी त्यांचा पासपोर्ट हातात घेऊन बाहेर आला आणि शिर्के, शिर्के अशी हाक मारू लागला. मी धावतच गेले. तो वैतागला होता. व्हिसावर बोलावणारी मानसी आहे, म्हणाला, आणि म्हातारी बाई म्हणतेय मानसी कुणी नाही, माझी सून शुभांगी. "सो हू इज शुभांगी?"

"आय ॲम," मी म्हटलं. "मानसी पण मीच. दोन्ही मी."

ओळखपत्र पुढे केलं. त्यानं ते पाहिलं, खांदे उडवले, आणि "यल्ला", म्हणजे चला, म्हणून आत गेला. पाच मिनिटांत सासूबाई बाहेर आल्या. काखेत पिशवी, पदर खोचलेला. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "आई, व्हिसावर मानसी आहे ना, तेवढं सांगायचं होतं त्यांना."

"मी कोर्टात शपथ घेतलीय," त्या म्हणाल्या. "आता कसं बदलणार?" मग पिशवी ईशाच्या हातात देऊन माझा दंड धरला. "पाय दुखले गं उभं राहून. चल शुभांगी, घरी चल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. घर म्हणजे डोंबिवलीच म्हणणाऱ्या त्या, पार्किंगच्या दिशेनं चालायला लागल्याही होत्या.